डोळे मिटायला सांगणारा बाबा

अंध मुलांच्या शाळेतली ध्वनिमुद्रणाची खोली ती केवढीशी, आणि त्या दुपारी अख्खी शाळा तिच्यात कोंबलेली. मुख्याध्यापक पुढे, मुलं दारापर्यंत, आणि मधोमध संगणकबाबा. काळा झगा, गळ्यात जुन्या कीबोर्डच्या बटणांची माळ. यंत्रालाही दृष्ट लागते, त्याचा आत्मा रुसतो आणि मंत्राने परत येतो, असं तो छातीठोक सांगायचा. शिकलेसवरलेले लोक त्यावर माना डोलवायचे, मग काय बोलणार!

धाकटी भिंतीला टेकून उभी होती. ही खोली तीच सांभाळायची, आणि त्या संगणकात तिच्या ताईचा आवाज होता. ताईने वर्षानुवर्षं इथे बसून मुलांसाठी पुस्तकं वाचली होती. मग गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज मात्र कायमचा गेला. उरला तो एवढाच, त्या डब्यात. आणि दुसरी प्रत काढायचं काम धाकटी रोज उद्यावर ढकलत आली होती. आता डबा सुरू केला की पडदा काळा, आणि काही दाबलं की एकच उत्तर: परवानगी नाही. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दुरुस्तीवाला लवकर येईना, म्हणून बुडत्याला काडीचा आधार तसा हा बाबा.

"सगळ्यांनी डोळे मिटा," बाबा म्हणाला.

अंधशाळेत! मागची दोन पोरं फिसकन हसली. मुख्याध्यापकांनी त्यांना दटावलं आणि स्वतःचे डोळे गच्च मिटून घेतले. धाकटीनेही मिटले. बाबा एका हाताने घंटा बडवत जे काही पुटपुटत होता ते त्याचं त्यालाही कळत नसावं.

डोळे उघडले तर पडद्यावर ताईची सगळी पुस्तकं ओळीने हजर. बाबाने एक लावलं, ताईचा आवाज खोलीभर झाला आणि धाकटीला रडू कोसळलं. पण बाबाने पुन्हा डोळे मिटायला लावले, पुन्हा घंटा, आणि पडदा होता तसा काळा. आत्मा निरोप घ्यायला आला होता म्हणे. आता उद्या सकाळी डिस्क पुसून कोरी करायची, की नवा आत्मा येईल. धाकटीने भीत भीत ताईच्या आवाजाचं विचारलं.

"जाणाऱ्याला धरून ठेवू नये, बाई," तो मायेने म्हणाला.

ताई कोपऱ्यात बसून हे ऐकत होती. तिच्याकडे बघायचं धाकटीला धाडस झालं नाही.

गर्दी पांगली. दोघी बहिणींबरोबर मागे राहिले ते मुलांना संगणक शिकवणारे मास्तर, जन्मापासून अंध. मघाशी ते डब्याला गुडघा लावूनच बसले होते. बाबा घंटा बडवत असताना डब्याची थरथर थांबली आणि पुन्हा सुरू झाली, म्हणजे मशीन बंद करून चालू केलं होतं, असं त्यांनी सांगितलं. घंटेच्या आडून पेनड्राइव्ह खोचल्याचा टक आवाजही त्यांनी ऐकला होता.

"त्या पेनड्राइव्हवर त्याची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम आहे. मशीन तिच्यावरून सुरू केलं, की ती तुमच्या डब्यातल्या मनाईला जुमानत नाही. बाई, पुस्तकं शाबूत आहेत. आता खरं सांगा, बिघडायच्या आधी काय केलंत?"

धाकटीने मान खाली घालून सांगून टाकलं. ऑफिसातल्या कुणीतरी चुकून ताईचं एक पुस्तक पुसलं होतं. पुन्हा कुणी हात लावू नये म्हणून तिने परवानग्या उघडल्या आणि सगळ्यांना मनाई केली. एका फोल्डरला करायची ती झाली अख्ख्या डिस्कला.

मास्तर हसले. "चोराच्या भीतीने घराला कुलूप लावलंत आणि घरधन्यालाच बाहेर ठेवलंत. सिस्टीमला स्वतःच्या फायली वाचायची परवानगी नको? आणि त्या बाबाला डिस्क पुसण्यापलीकडे दुरुस्ती येत नाही, म्हणून आत्म्याचं सोंग."

त्यांनी पडद्यावरचं वाचून दाखवणारा आपला बोलका पेनड्राइव्ह लावला. आधी ताईची पुस्तकं बाहेर उतरवून घेतली, मगच परवानग्यांना हात घातला. मनाई काढली, सिस्टीमला तिचा हक्क परत दिला. मशीन सुरू केलं तर पडदा काळाच. मास्तर म्हणाले, काही फायली अजून अडून बसल्यात, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी पडदा उजळला, पेनड्राइव्ह काढल्यावरही उजळच राहिला. धाकटीने ताईचे दोन्ही हात घट्ट धरले.

सकाळी बाबा आला, खोली पुन्हा भरली. तो घंटा उचलणार, तोच ताईने पुढे होऊन बटण दाबलं. तिचाच आवाज गोष्ट सांगू लागला. शब्दांबरोबर ताईचे ओठ हलत होते. बाबा दाराकडे सरकू लागला, पण दारात मुलं होती, आणि वाट द्यायची त्यांना मुळीच घाई नव्हती.

मास्तरांनी बाबाची सगळी युक्ती सगळ्यांसमोर करून दाखवली आणि आपला पेनड्राइव्ह मुलांच्या हातात फिरवला. मग ते मुख्याध्यापकांकडे वळले.

"यंत्र रुसत नाही, साहेब. आपण सांगतो ते करतं, चुकीचं सांगितलं तरी करतं. चूक शोधली की सापडते. आम्हाला डोळे नाहीत, तरी आम्ही लक्ष देतो. तुम्हाला आहेत. कुणी ते मिटायला सांगितले, तर आधी विचारा, कशासाठी?"