एका स्क्रूचं विधेयक

"बघा, नखानं उघडलं!" मिस्त्री म्हणाले आणि खेळण्यातल्या फोनचं झाकण त्यांनी प्रतोदांच्या तळहातावर ठेवलं. पाठोपाठ आतला शर्टाच्या बटणाएवढा सेल घरंगळत आला.

"अहो, खिशात घाला ते! सभागृहाचं दार आहे हे, तुमचं दुकान नाही."

मिस्त्री दोनदा निवडून आले होते, पण त्याआधी वीस वर्षं रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करण्यात गेलेली. त्यामुळे सभागृहात त्यांना खऱ्या नावानं हाक मारायचं कुणाच्या ध्यानातच येत नसे. त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे. त्यांची बायको तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "लग्नात घड्याळ भेट आलं, ते ह्यांनी दुसऱ्याच दिवशी खोलून बसवलं. बरं, तेव्हापासून ते दहा मिनिटं मागेच!" प्रतोदांचं काम मात्र वेगळं. पक्षाच्या माणसांनी कधी हात वर करायचा आणि कधी तोंड मिटून बसायचं, हे ते सांगत आणि माणसं ऐकत.

"हे बघा मिस्त्री," प्रतोद जवळ सरकले. "मंत्री छान बोलतील, समिती नेमतो म्हणतील. तुम्ही आभार माना आणि विधेयक मागे घ्या. दरवेळी घेता तसंच."

"दोनदा घेतलं. दोन्ही समित्यांची एक बैठक झाली असेल तर शपथ! पळसाला पानं तीनच."

"मग काय, मतदान मागणार? एकट्या सभासदाच्या विधेयकावर कुणी मतदान मागतं का? सगळ्यांची नावं लिहिली जातात. उद्या पेपरात येईल, लहान मुलांच्या विरोधात अमुक अमुक. आपलीच माणसं तोंडावर पडतील. हात दाखवून अवलक्षण कशाला? आणि पुढच्या वेळी तिकीट कुणाला द्यायचं, ते आम्हालाही ठरवायचं असतंच की."

मिस्त्रींनी वर पाहिलं. वरच्या सज्जात, पाहुण्यांच्या दुसऱ्या रांगेत, शिवणकाम करणारी ताई बसली होती. तीन वर्षांपूर्वी असाच एक फोन घेऊन ती त्यांच्या कचेरीत आली होती. चौदा महिन्यांच्या मुलीनं आतला सेल गिळला होता. डॉक्टरांनी आधी सर्दी-खोकलाच धरला. कळलं तेव्हा सेलनं अन्ननलिका आतून जाळली होती; पोर हाती लागली नाही. तिनं रडून सांगितलं नाही, फोन टेबलावर ठेवला आणि विचारलं, "दादा, ह्या झाकणाला एक स्क्रू का नाही हो?" वीस वर्षं स्क्रू काढण्या-बसवण्यात गेलेल्या माणसानं तो फोन उलटसुलट करून पाहिला. मग त्यांनी विधेयक लिहिलं: सेलवर चालणाऱ्या प्रत्येक खेळण्याच्या झाकणाला स्क्रू हवाच. दोनदा मागे घेतलं, आणि दोन्ही वेळा तिला तोंड दाखवताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. या वेळी त्यांनी तिला शब्द दिला होता, मागे घेणार नाही.

आठवड्याचा शेवटचा दिवस, जेवणानंतरची वेळ. अर्धी बाकं रिकामी. सात वेळा निवडून आलेले, सगळे ज्यांना आजोबा म्हणत ते सभासद, छातीवर हनुवटी टेकवून स्वस्थ झोपले होते. मंत्री बोलले, छानच बोलले. "सन्माननीय सदस्यांच्या भावनेशी शासन सहमत आहे. समिती नेमू. त्यांनी विधेयक मागे घ्यावं, ही विनंती."

मिस्त्री उठले. "मी आभारी आहे," ते म्हणाले, आणि प्रतोदांनी सुटकेचा श्वास सोडला. "पण मागे घेत नाही. मतदान घ्या. नावं लिहून घ्या."

घंटा वाजू लागली. चहा टाकून सभासद धावत आले. "कसलं मतदान? कोण म्हातारं मेलं?" असं एकानं विचारलंही. नियम सोपा होता. होय म्हणणाऱ्यांनी उजवीकडच्या दालनात जायचं, नाही म्हणणाऱ्यांनी डावीकडच्या. दारात कारकून नाव लिहून घेतो. मिस्त्री उजवीकडे गेले. विरोधी बाजूच्या एक सदस्या, ज्या आधी नर्स होत्या, त्या आल्या. आणि घंटेनं दचकून जागे झालेले आजोबा आले, कारण स्वच्छतागृह त्याच दालनाच्या टोकाला होतं. कारकुनानं त्यांचंही नाव लिहिलं.

होय तीन, नाही अठ्ठावन्न.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात ताई जिना उतरून आली. "ताई, हरलो आपण," मिस्त्री म्हणाले.

"तीन ना? म्हणजे तुम्ही सोडून आणखी दोघं. कोण ते? मला भेटायचंय."

नर्सबाई पुन्हा आत गेल्या होत्या. रुमालाला हात पुसत आजोबा मात्र समोरूनच येत होते. खरं काय ते सांगावं, असं मिस्त्रींच्या मनात आलं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून जीभ रेटेना. "हे त्यातले एक," ते एवढंच म्हणाले.

ताई पुढे झाली. "तुम्ही माझ्या मुलीच्या बाजूनं गेलात. आभार मानायचे होते."

आजोबांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी खाली पाहिलं. तेवढ्यात प्रतोद कागद फडकवत आलेच. "आजोबा, अहो, भलत्याच दारातून गेलात! काही बिघडलं नाही. चुकून झालं म्हणून इथं सही ठोका, छापायच्या आत नाव बदलून घेतो. पेन घ्या."

आजोबांनी पेन घेतलं. मग ताईकडे वळून विचारलं, "केवढी होती?"

"चौदा महिन्यांची."

"चालायची?"

"धरून धरून. भिंत सुटली की खाली बसायची आणि हसायची."

आजोबांनी पेनाला टोपण लावलं आणि ते प्रतोदांच्या खिशात नीट अडकवलं.

"सात वेळा निवडून आलोय मी," ते म्हणाले. "दार चुकेन होय? लिहिलंय ते राहू द्या."

मग भिंतीलगतच्या बाकावर ते सावकाश टेकले आणि शेजारी हात ठेवून म्हणाले, "बस पोरी. हसायची म्हणालीस ना, सांग मला."