उमाच्या पाठीशी मामा

माझी बहीण सखू बदलापुरात हेंद्रेपाड्याला राहायची. एक्याण्णव साली तिला कॅन्सर निघाला. तिचा मुलगा दिनानाथ अंबरनाथच्या कारखान्यात ऑफिसर. त्याने तिला सांगितलं, पोटात गॅस धरतोय. मलाही तेच. "भात कापून झालं की येते माहेराला," असा तिने निरोप धाडला. भात शेतात उभं असतानाच ती गेली. खरं कळल्यावर मी दिनाच्या घरचं पाणी सोडलं.

पुढल्या वर्षी दिनाच्या बहिणीचं, उमाचं लग्न ठरलं. दोघं भावंडं मला बोलवायला आमच्या पाड्यावर आली. लग्नात नवरीच्या पाठीशी मामा लागतो. मी नसलो तर लोक विचारणार.

"या साहेब," माझी बायको येसू म्हणाली. "आमच्याकडे गॅस नाही हो. चुलीवरचा चहा चालेल ना?"

दिनाने मान खाली घातली.

"तुम्ही सखूला फसवलंत," मी म्हणालो.

उमा उल्हासनगरला इंग्रजीची शिकवणी घ्यायची. मी तेव्हा प्रौढ वर्गात मराठी अक्षरं गिरवत होतो. तिने मला पोरासारखं समजावलं. "मामा, इंग्रजीत याला पुष्कळ शब्द आहेत. ट्रिक म्हणजे गंडवणं, ते गमतीतही होतं. चीट म्हणजे नियम मोडून पुढे जाणं, परीक्षेत कॉपी करतात तसं. फ्रॉड म्हणजे ठरवून, आपल्या फायद्यासाठी. आणि डिसीव्ह म्हणजे खोटं ते खरं वाटायला लावणं. आम्ही आईला डिसीव्ह केलं. आमचा फायदा काहीच नव्हता."

"तिने हाय खाऊ नये म्हणून, मामा," दिना म्हणाला.

"तिला कळलं असतं तर भात कापायची वाट बघत बसली असती का रे?"

मग मी विचारलं, "नवऱ्याकडच्यांना काय सांगितलंत? आई कशाने गेली?"

"हार्टने," दिना पुटपुटला. "कॅन्सर म्हटलं की मुलगी करत नाहीत लोक. रक्तातून येतो म्हणतात."

"उमे, याला तुझा कुठला शब्द?"

तिचा चेहरा उतरला. "फ्रॉड."

"त्यांना खरं सांगा. मग मी येतो."

उमाने स्वतः जाऊन सांगितलं. आठवड्यात लग्न मोडलं. पुढच्या दोन स्थळांनाही तिने आधीच सांगितलं. ती परत आली नाहीत.

दिना माझ्याशी बोलत नाही. उमा येते. मागच्या खेपेला मी म्हटलं, "पोरी, मी अडून बसलो नसतो तर आज तू तुझ्या घरी असतीस."

"कोणी सांगेल म्हणून जन्मभर भीत राहिले असते, मामा," ती म्हणाली. बोलताना तिची नजर शेजारच्या अंगणात खेळणाऱ्या पोरांवर होती.