काकू, चहा झाला

मी एक जुना लोखंडी पिंजरा आहे, मित्रांनो. माझा जन्म अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. माझ्याआधी तिथे मंगल कार्यालयाचं गेट बनलं आणि माझ्यानंतर कुणाच्या तरी गॅलरीची जाळी. माझी एक भिंत सरकते. बाहेरचा दांडा ओढला की ती आत येते, आतलं जनावर दाबलं जातं आणि त्याला सुई टोचता येते. उद्घाटनाला मला हार घातला, फोटो निघाले. आत जाऊन मात्र कोणी पाहिलं नाही.

मी बिबट्यांच्या निवारा केंद्रात लागलो. तिथे निफाडच्या उसातून आणलेली एक मादी होती. सुळे तुटलेले, त्यामुळे परत सोडणं शक्य नव्हतं. येईल त्याच्यावर फिस्कारायची, म्हणून तिचं नाव काकू.

तिची देखभाल करणारा वाल्मीक चिमट्यात कोंबडीचा तुकडा धरून हाक मारायचा, "काकू, चहा झाला." ती माझ्यात यायची, तुकडा खाऊन परत जायची. वाल्मीक दांड्याला हात लावत नसे. नुसती सवय असू द्यावी, वेळप्रसंगी कामाला येते, असं तो म्हणायचा.

गेल्या उन्हाळ्यात काकू भरपूर पाणी पिऊ लागली. सगळ्यांनी कौतुक केलं. हौद भरणाऱ्या सिंधुबाई म्हणाल्या, "आमचे हे एवढं पाणी पीत असते, तर मुतखडा कशाला झाला असता?" फरशीही सारखी ओली असायची. मला ते दिसत होतं. पण पिंजऱ्याचं मत कोण विचारतो?

मग काकूने मांस सोडलं. डॉक्टर उज्वला मॅडमनी रक्त तपासायचं ठरवलं. वाल्मीकने हाक मारली, काकू आली आणि त्याने पहिल्यांदा दांडा ओढला.

"दोन्ही किडन्या गेल्यात, सिंधुताई," रिपोर्ट पाहून मॅडम म्हणाल्या. "अंगात पाणी टिकतच नव्हतं. म्हणून पीत होती ती."

सिंधुबाई हौदाकडे बघत राहिल्या.

औषध मांसातून द्यायचं, तर ती मांस खाईना. सलाईन कातडीखाली द्यायचं, तर तिने माझ्यात यायला हवं. सुरुवातीला आली. पुढे 'चहा' ऐकला की पाठ फिरवून कोपऱ्यात बसू लागली. दरवेळी बेशुद्ध करणं तिला झेपलं नसतं. सगळा उपचार एका हाकेवर टांगलेला आणि ती हाक आता खोटी ठरली होती. वाल्मीकने काळीज आणलं, मासळी आणली. दुपारभर चिमटा धरून बसायचा. घोंघावणाऱ्या माशांची तेवढी सोय झाली.

एका सकाळी काकू आपणहून माझ्यात आली. हाक नाही, तुकडा नाही. सरकत्या भिंतीला टेकून पडली. वाल्मीकने दांडा धरला.

"राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "गरज नाही आता."

सलाईनची सुई टोचली तरी ती हलली नाही. वाल्मीक गजांपाशी वाकला. "काकू, एकदा फिस्कार ना."

ती फिस्कारली नाही.

मित्रांनो, तुमच्या मांजराची पाण्याची वाटी एकाएकी लवकर रिकामी होऊ लागली, तर कौतुक नंतर करा, आधी डॉक्टरांना दाखवा. मी फक्त दाबून धरू शकतो, जाणाऱ्याला थांबवून नाही.

आता माझ्यात एक तरणा बिबट्या येतो. वाल्मीक त्यालाही हाक मारतो. चहाचं नाव मात्र काढत नाही.