डाव्या हाताची वही

नगर परिषदेच्या सभांची इतिवृत्तं लिहिण्यात नोंदताईंची एकतीस वर्षं गेली होती. नोंदताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण कचेरीत शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे त्यांना याच नावानं हाक मारत. सभागृहात अध्यक्षांच्या डाव्या अंगाला त्यांचं छोटं टेबल होतं. त्यावर जाड पुठ्ठ्याची वही, दोन पेनं आणि पाण्याचा ग्लास. कोण काय बोललं ते आधी हातानं उतरवायचं आणि मग टाइप करायला द्यायचं, असा तिथला नियम होता.

एका मंगळवारी सातव्या विषयावर चर्चा चालू असताना त्यांचा उजवा हात अडला. अंगठा आत वळला, पहिलं बोट काठीसारखं ताठ झालं आणि पेनाचं टोक कागदात रुतलं. त्यांनी हात झटकला, पुन्हा पेन धरलं. पुन्हा तेच. शेवटी त्यांनी उरलेली सभा डोक्यात साठवली आणि घरी जाऊन नवऱ्याकडून लिहून घेतली.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्यानं बायकोचा हात दिव्याखाली धरला, एकेक बोट वाकवून पाहिलं.

"यंत्र ठीक आहे गं. काटा कुठेतरी अडतोय."

"अहो, हात आहे हा. टेबलावर उघडून ठेवू नका म्हणजे झालं."

गंमत अशी की त्याच हातानं त्या सुईत दोरा ओवू शकत होत्या, बटणं लावू शकत होत्या, बटाटे तर नेहमीपेक्षा भराभर सोलत होत्या. फक्त पेन हातात आलं की बोटं रुसून बसत. डॉक्टरांनी रक्त तपासलं, मानेचा एक्स-रे काढला. कुठेच काही सापडलं नाही.

"सतत लिहिणाऱ्यांना येतो असा पेटका," डॉक्टर म्हणाले. "लेखकांना तर हमखास."

"मी कुठली लेखक? मी नुसती लिहिते."

हा फरक डॉक्टरांच्या ध्यानात आला की नाही कोण जाणे. त्यांनी तीन महिन्यांची रजा लिहून दिली आणि एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

ती थेरपिस्ट त्यांच्या मुलीच्या वयाची होती. तिच्या खोलीत रंगीत माती, रबरी चेंडू आणि कपडे वाळत घालायचे चिमटे पसरलेले असत. अर्धा तास नोंदताईंकडून माती मळून घेतल्यावर तिनं एक कोरी वही पुढे केली.

"काकू, रोज दहा ओळी. डाव्या हातानं. उजव्याला सुट्टी द्यायची. आणि नक्कल करायची नाही हं, स्वतःचं लिहायचं."

"स्वतःचं म्हणजे?"

"म्हणजे तुमचं."

"विषय काय?"

"काहीही. दिवस कसा गेला ते लिहा."

नोंदताई घरी आल्या आणि वही उघडून पाऊण तास बसल्या. डावा हात इतका अडाणी की एक अक्षर काढायला लहान मुलासारखी जीभ बाहेर यायची. दुसऱ्या दिवशी थेरपिस्टनं वही घेतली आणि मोठ्यानं वाचायला लागली.

"'सकाळी सहा वाजता उठण्यात आले. चहा घेण्यात आला. साखर जास्त असल्याचे निदर्शनास आले. त्यावर सविस्तर चर्चा होऊन उद्यापासून एक चमचा घालण्याचे ठरले.'" ती हसू दाबत होती, पण ते दाबलं जात नव्हतं. "काकू, चहा घेतला कोणी?"

"मी."

"मग तसं लिहा की!"

नोंदताईही हसल्या, पण परतताना त्यांना प्रश्न पडला. एकतीस वर्षांत आपण 'मी' हा शब्द किती वेळा लिहिला असेल? रजेच्या अर्जात, तोही वर्षातून दोनदा. घरी आल्यावर त्यांनी वहीत लिहिलं, "मी चहा प्याले." ते वाक्य जरा उघड्यावर पडल्यासारखं वाटलं. त्यांनी त्याच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं आणि मग तसंच राहू दिलं.

इतर लोक स्वतःबद्दल लिहितात तरी कसं, हे पाहावं म्हणून त्यांनी नवऱ्याच्या कपाटाकडे मोर्चा वळवला. नवरा अट्टल वाचणारा. जेवताना, चहा उकळेपर्यंत, दुकानात गिऱ्हाईक पाकीट शोधत असलं तरी त्याचं वाचन चालूच. त्यानं त्यांना दोन आत्मचरित्रं काढून दिली. नोंदताई ती इतिवृत्त तपासावं तशी वाचू लागल्या.

"अहो, हा माणूस म्हणतो की सगळे त्याच्यावर हसले. सगळे म्हणजे कोण? हजर किती होते?"

"अगं, ते काही सभेत बसलेले नव्हते."

"म्हणून काय झालं? एकानं तरी तोंड दाबून धरलं असेल की."

नवऱ्यानं पुस्तक मिटलं आणि प्रथमच त्या वाक्याचा विचार केला.

हळूहळू त्यांना बघायची चटकच लागली. डाव्या हाताला दहा ओळी लिहायला तास लागायचा, म्हणून काय लिहायचं ते नीट निवडावं लागायचं. नवरा नेहमी डावा बूट आधी घालतो. कधी विसरून उजवा घातला तर काढून पुन्हा सुरुवात करतो. का, ते त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. चालायला गेलं की पहिली दहा मिनिटं फक्त दुखणाऱ्या गुडघ्याचा विचार येतो आणि अकराव्या मिनिटाला गुडघा कुठे जातो, कळत नाही. हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं.

मग त्यांनी आपल्या आजाराकडे मोर्चा वळवला. एक पान आखलं. तारीख, काय लिहिलं, पेन की खडू, उजवा हात अडला की नाही. खडूनं फरशीवर मोठी अक्षरं काढली तर हात अडत नव्हता. वाफ धरलेल्या आरशावर बोटानं लिहिलं तरी अडत नव्हता. पेनानं 'ठराव' लिहिलं की अडला. 'सर्वानुमते' लिहिलं की अडला. नोंदताई त्या पानाकडे बघतच राहिल्या. हात शब्द ओळखतो की काय?

आणि 'सर्वानुमते' शब्दावरून त्यांना बारा वर्षांपूर्वीची एक सभा आठवली.

त्या दिवशी कचेरीच्या वरच्या मजल्यावरचं मोफत वाचनालय बंद करून तिथे जुनी कागदपत्रं ठेवायचा विषय होता. सदस्यांपैकी एक बाई पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या, म्हणून त्यांना सगळे भूगोलबाई म्हणत. त्या उभ्या राहिल्या. दोन-तीन मिनिटं बोलल्या असतील. मग आवाज फुटला आणि त्या खाली बसल्या. दोघेतिघे खाकरले. अध्यक्ष नोंदताईंकडे न बघताच म्हणाले, "हं, लिहा, सर्वानुमते." नोंदताईंनी लिहिलं.

आता त्या प्रसंगाशी हाताचा संबंध लागला असं त्यांना वाटलं. पण त्या इतिवृत्त लिहिणाऱ्या होत्या, खातरजमा केल्याशिवाय राहणार नव्हत्या. त्यांनी सावकाश, मोठ्या अक्षरात अकरा वेळा 'सर्वानुमते' लिहिलं. हात लोण्यासारखा चालला. मग वाण्याकडची यादी करायला घेतली आणि घाईघाईत 'साबण' लिहिताना अंगठा आत वळला.

"साबणाशी माझं काय वाकडं?" त्यांनी थेरपिस्टला विचारलं.

"काकू, नसांना वाचता येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही घाई केली की पेन आवळता. एवढंच."

इतकी छान उपपत्ती साबणापायी वाया गेली. पण ती सभा मनातून जाईना. पुढचे नऊ दिवस रोज दहा ओळी, असं करत त्यांनी भूगोलबाईंचं बोलणं शब्दन् शब्द उतरवलं, आवाज फुटणं आणि खाली बसणंसुद्धा. तेव्हा कागदावर न आलेलं सगळं डोक्यात जसंच्या तसं होतं. दहाव्या दिवशी त्यांनी ती पानं पिशवीत घातली आणि पत्ता विचारत भूगोलबाईंच्या घरी गेल्या.

भूगोलबाई आता पंचाहत्तरीच्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत खिडकीशी बसून शब्दकोडं सोडवत होत्या. त्यांनी नोंदताईंना ओळखलं, खुर्ची दिली, पण कपाळावरची आठी तशीच.

"वाचनालयाच्या सभेबद्दल आलेय," नोंदताई म्हणाल्या.

"त्याबद्दल नका बोलू." भूगोलबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "त्या दिवशी मी गप्प बसले. घरून बोलायचं ठरवून गेले होते आणि ऐन वेळी तोंड उघडलं नाही. पुढच्या निवडणुकीला म्हणूनच उभी राहिले नाही."

नोंदताईंना आधी काही कळेचना.

"गप्प? तुम्ही? तुम्ही तर बोललात!"

"छे. इतिवृत्त आलं होतं ना घरी, मी दोनदा वाचलं. 'सर्वानुमते मंजूर'. माझं नावसुद्धा नव्हतं त्यात. इतके दिवस झाले, वाटलं की मनात बोललो तेच खरं समजत असू आपण."

नोंदताईंनी पिशवीतून पानं काढली. त्यांनी वाचायला सुरुवात केली. "'वरच्या खोलीत रोज दुपारी अकरा माणसं येऊन बसतात. मी तीन दिवस मोजली आहेत. त्यातला एकजण रोज एकच नकाशा बघतो. त्याला कुठे जायचंय ते मी विचारलं नाही. तुम्ही कागदांना जागा हवी म्हणून वाचणाऱ्यांना बाहेर काढताय. मग कागद ठेवायचे तरी कुणासाठी?'"

भूगोलबाईंनी हात पुढे करून पानं घेतली. वेड्यावाकड्या अक्षरांवरून बोट फिरवत त्या सावकाश वाचत राहिल्या. नकाशापाशी थांबल्या, मागे गेल्या, पुन्हा वाचलं.

"नकाशावाला," त्या पुटपुटल्या. "हो. होता तो."

मग त्यांनी मान वर केली. "आणि ते 'सर्वानुमते' कोणी लिहिलं होतं?"

"मी," नोंदताई म्हणाल्या.

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"बारा वर्षं मी स्वतःला भित्री म्हणत होते," भूगोलबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता. "एका शब्दापायी! तुम्हाला ठाऊक होतं मी बोलले ते."

"होतं. तुम्ही ते वाचून स्वतःवरचाच विश्वास घालवाल असं मनात आलं नाही. कोण वाचतंय, असं वाटायचं."

"वहीत दुरुस्ती करता येते?"

"नाही. पुढच्या सभेत एकदा कायम झालं की नाही."

"मग ही पानं इथे राहू देत."

त्यांनी चहा विचारला नाही, पण दारापर्यंत आल्या. नोंदताई जिना उतरल्या तेव्हा त्यांना हलकं वाटत नव्हतं. पण ते जडपण त्यांना हवंसं वाटलं. त्या संध्याकाळी त्यांनी दहाऐवजी चोवीस ओळी लिहिल्या.

रजा संपली तेव्हा उजवा हात बराच सुधारला होता. जाड मुठीचं पेन घेतलं आणि सावकाश चाललं तर अर्धं पान निघायचं. सभेसाठी तेवढं पुरेसं नव्हतं. त्यांनी स्वतःहून अर्ज केला आणि खिडकीवर लोकांचे फॉर्म तपासायचं काम मागून घेतलं. तिथे माणसं काय काय विचारतात, ते ऐकायलाच त्यांना मजा येऊ लागली. डाव्या हाताचं लिखाण मात्र सुटलं नाही. सकाळी चालून आलं की तासभर तेच.

महिन्याभरानं पोस्टातून एक पाकीट आलं. आत त्यांच्याच नऊ पानांची प्रत होती आणि समासात लाल पेन्सिलीनं भूगोलबाईंच्या दुरुस्त्या. एक, माणसं अकरा नव्हती, बारा होती, बारावी मी. दोन, मी खाली बसले नाही, खुर्ची मागे सरकली होती. तीन, माझा आवाज फुटला नव्हता, घशात खवखव होती. चार, नकाशावाल्याला कुठे जायचंय ते मी विचारलं होतं, फक्त सभेत सांगितलं नाही. आणि खाली एक ओळ, 'यायचं असेल तर शनिवारी या, पुढचं मी लिहितेय.'

नोंदताईंनी पत्र नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याला दुसरी आणि तिसरी दुरुस्ती पटली.

"तिसरी मुळीच नाही," नोंदताई म्हणाल्या. "खवखव म्हणे! मी तीन हातांवर बसले होते."

शनिवारी त्या सकाळीच वही घेऊन निघाल्या. नवऱ्यानं दारातून विचारलं, "भांडायला चाललीस की ऐकायला?"

"आधी चौथीचं विचारते," त्या जिन्यावरून म्हणाल्या. "कुठे जायचं होतं त्या माणसाला?"