काहीही न मिसळलेलं दूध

दुकानाच्या दारावर निळ्या अक्षरांत पाटी होती: ‘आमच्या दुधात काहीही मिसळत नाही.’ मालकांचा या पाटीवर भारी जीव. अक्षरं फिकट झाली की स्वतः स्टुलावर चढून रंगवायचे. त्यांची बायको, जिला सगळी गल्ली काकू म्हणायची, खालून स्टूल धरायची आणि तोंडातून अवाक्षर काढायची नाही. मागच्या मोरीतला नळ रोज सकाळी दुधाच्या टाकीत किती वेळ सुटतो, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. पण संसार म्हटला की थोडी डोळेझाक आलीच, आणि काकूंनी ती अगदी मन लावून केली होती.

ती संपली नातीच्या पायांमुळे. मुलगी कामाला जायची, म्हणून नात दिवसभर दुकानामागच्या खोलीत, जिथे भर दुपारीही दिवा लावावा लागायचा. बरोबरीची पोरं धावायला लागली तरी ही उभी राहीना. ‘आजोबांनी लाडावून आळशी केलीय,’ असं काकूच चारचौघांत सांगायच्या. शेवटी उभी राहिली तर पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले. डॉक्टरीणबाईंनी मनगटं चाचपली, रक्त तपासलं आणि म्हणाल्या, “अंगात ड जीवनसत्त्व नाही. हाडं मऊ राहिलीत.”

“अहो, पण घरचं दूध पिते ती,” काकू म्हणाल्या.

“दुधात ते नसल्यातच जमा. म्हणून तर वरून घालतात. तुम्ही घालत नाही?”

काकूंना फळीवरचं ड जीवनसत्त्वाचं खोकं आठवलं. दूध संघाने सगळ्या छोट्या दुकानदारांना फुकट दिलेलं, मापासकट. घरी येताच त्यांनी नवऱ्याला विचारलं. मालकांनी मानही वर केली नाही.

“ते घातलं तर पाटीचं काय करू? लोक म्हणतील, हा काय काय मिसळतो. नातीला थेंब दिलेत ना डॉक्टरांनी? झालं तर मग.”

झालं तर मग. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाने जन्मभर नळाशी संगनमत केलं, त्याला आता औषधाची लाज वाटत होती. नातीपुरतं भागलं, बाकी गल्लीतली पोरं गेली खड्ड्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत शिवणकाम करणारी बाई उभी होती. तिचा मुलगा कडेवर, चांगला थोराड.

“खाली सोड की त्याला,” काकू म्हणाल्या.

“उभाच राहत नाही हो. महाआळशी आहे.”

काकूंच्या हातातलं माप तसंच राहिलं. त्यांनी पोराचं मनगट धरून पाहिलं. जाड, सुजल्यासारखं, नातीचं होतं तसंच. त्यांनी माप टाकीत आपटलं.

“आज दूध मिळणार नाही. अहो, ते खोकं खाली काढा.”

“गिऱ्हाइकांसमोर काय चालवलंयस?” मालक दात आवळून पुटपुटले.

“पाणी ओतताना कधी पाटी आडवी आली नाही तुम्हाला. औषध घालतानाच बरी आली.”

मालकांचा चेहरा पांढराफटक पडला. रांगेतला पेपरवाला मात्र शांतपणे म्हणाला, “पाण्याचं ठाऊक आहे हो काकू, आम्ही काय आज दूध पितोय? औषधाचं सांगा.”

काकूंनी सगळं सांगितलं. नातीचे पाय, मऊ हाडं, फळीवर धूळ खात पडलेलं खोकं. मग शिवणवालीकडे वळल्या. “तू याला आजच्या आज डॉक्टरकडे ने. आळशी नाही तो. माझ्या नातीलाही मी तेच म्हणत होते.”

बाई पोराच्या पायांकडे बघत राहिली.

“उभा राहावा म्हणून मी मारते हो त्याला,” ती म्हणाली. “रोज मारते. खोकं घरात होतं, मग घातलं का नाही हो मालक?”

मालकांनी खोकं काढायला स्टूल ओढलं. आज स्टूल धरायला काकू पुढे झाल्या नाहीत.

“आधी तिला उत्तर द्या,” त्या म्हणाल्या.