पालींसाठी केलेली मांडणी

मित्रांनो, मी प्लायवूडची एक जुनी मांडणी आहे. माझ्या पोटात ड्रॉवरसारखे सरकणारे प्लास्टिकचे सहा डबे आहेत, आणि गेली तीन वर्षं ते रिकामे आहेत.

मला एका सुतारकाकांनी आपल्या लेकीसाठी बनवलं. लेकीला ठिपकेवाल्या पाली पाळायच्या होत्या, आणि काका तर पाल दिसली की स्टुलावर चढायचे! "लोक पाली हाकलतात, मी त्यांना घर बांधून देतोय," असं पुटपुटत त्यांनी माझ्या फळ्या कापल्या. डब्यांना झाकणं नव्हती. वरची फळी हेच झाकण. तापल्या सळईने त्यांनी प्रत्येक डब्याला पुढून भोकं पाडली.

पण पाली राहायला आल्यावर चौथ्याच दिवशी डब्यांना आतून घाम फुटला आणि एक पाल मलूल पडली.

"बाबा, हिचा जीव गुदमरतोय!" लेक रडवेली झाली.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. माझी पाठ त्यांनी बंद ठेवली होती. हवेला बाहेर पडायला वाटच नव्हती.

"मी डबा पुसते, तुम्ही हिला धरा," म्हणत लेकीने पाल त्यांच्या तळहातावर ठेवली. काका शहारले, पण हात मागे घेतला नाही. मग माझ्या पाठीची फळी काढून त्यांनी जाळी ठोकली, डब्यांना मागूनही भोकं पाडली. संध्याकाळी पालीने मान वर केली. त्या वेळचं काकांचं हसू मी अजून विसरले नाही.

पुढची सात वर्षं सुखाची गेली. बापलेक मिळून पाणी बदलायचे. "काय बाई, जेवलीस का?" असं काका एकेकीला विचारायचे.

मग लेक प्राण्यांची डॉक्टर व्हायला दूर गेली. पाली छोट्या खोक्यांतून गेल्या. मी गाडीत मावले नाही. "पुढच्या खेपेला नेते, बाबा," ती म्हणाली होती. पण एक दिवस तिचा फोन आला, "इथे नवी मांडणी मिळाली हं!"

"बरं झालं," काका म्हणाले, आणि फोन ठेवून माझा एकेक रिकामा डबा पुसू लागले.

"यात बटाटे ठेवूया का?" काकूंनी हळूच विचारलं.

"राहू दे गं."

अजूनही दर रविवारी ते एकेक डबा ओढतात, पुसतात, परत सरकवतात. पण डब्यांतली पालींची ती सळसळ ऐकायला माझा जीव आसुसलाय. आणि त्यांचाही.

मित्रांनो, मुका जीव घरी आणाल तर त्याचा श्वास आधी बघा. आणि कुणी तुमच्यासाठी जीव ओतून काही केलं असेल, तर ते सोबत नेता आलं नाही तरी चालेल. पण कधीतरी या, आणि त्यांच्यासमोर ते एकदा उघडून बघा.