भुईगावचा बंद माइक

गणिताचे गुरुजी निवृत्त झाले आणि संस्थेने त्यांच्या जागी भुईगावच्या शाळेला एक मोठा स्क्रीन दिला. त्याला हार घातला, नारळ फोडला, भाषणं झाली. यापुढे कौस्तुभ सर संस्थेच्या वसईच्या शाळेत शिकवणार आणि तेच इथल्या दहावीला स्क्रीनवर दिसणार. दोन्हीकडची मुलं एकमेकांकडून शिकतील, असं अध्यक्ष म्हणाले. टाळ्या वाजवायला कुणाचं काय जातं!

पहिल्याच आठवड्यात भुईगावच्या लेस्टरने शंका विचारली, "सर, ह्यो थीटा कशाला पायजे?" पलीकडचा वर्ग खो खो हसला. शंकेला नव्हे, त्याच्या बोलण्याला. दुसऱ्या दिवशी इकडच्या मुलांनी आपणहून माइक बंद केला, तो बंदच राहिला. वर्गावर बसायच्या त्या रीमाटीचर मराठीच्या. गणिताशी त्यांचं लहानपणापासून वाकडं. पोरं गप्प बसतात, यातच त्यांनी समाधान मानलं.

संस्थेने बाहेरून तपासून घेतलेले पूर्वपरीक्षेचे पेपर हातात आले आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. अख्खा वर्ग नापास. वर्गातली हुशार उन्नतीसुद्धा! या पोरीला पॉलिटेक्निकला जायचं होतं. बोर्डात गणित राहिलं की तिचं सगळंच राहिलं, आणि बोर्ड महिन्यावर आलेलं.

त्या दिवशी तास सुरू होताच रीमाटीचरनी माइक चालू केला.

"सर, थांबा. आमच्याकडे कुणालाच काही येत नाही. मलाही नाही."

पलीकडे पुन्हा हशा. कौस्तुभ सरांनी वळून असं काही पाहिलं, की तो जागीच विरला. मग ते कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आले. चेहरा उतरला होता.

"मॅडम, मला वाटलं तुमची मुलं पुढे आहेत. इथली सारखी शंका विचारून अडवतात, तुमची कधीच नाही. तुमच्याकडे बघूनच मी वेग वाढवत गेलो."

रीमाटीचरना रडू आवरेना. चिडायचं तरी कुणावर? वर्गाच्या शांततेवर तर त्या स्वतःच खूश होत्या.

"किती मागे जाऊ?" सरांनी विचारलं.

उन्नती उठली, बाकाची कड घट्ट धरून म्हणाली, "सर, पयल्यापासून."

पलीकडून लगेच कुणीतरी ओरडलं, "सर, मग आमची रिव्हिजन?"

कौस्तुभ सर एकदा त्या वर्गाकडे वळले, एकदा इकडे. महिना एकच होता आणि सरही एकच. उन्नती अजून उभीच होती.